नायकपद नाकारणारा सोबती : लिटल जॉन



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्याने होतात, त्यांनी हयातभर संस्था चालवल्या आणि अध्यक्षपदाच्या खुर्चीपासून स्वतःला जाणूनबुजून दूर ठेवले. इथल्या ज्येष्ठ मंडळींना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. विषय ठरवताना तीच गोष्ट माझ्या मनात होती. म्हणून आज मी एका नायकाबद्दल बोलणार नाही. त्या नायकाच्या शेजारी सहाशे वर्षे उभ्या असलेल्या माणसाबद्दल बोलणार आहे. त्याचे नाव लिटल जॉन.

रॉबिन हूड आपल्याला परका नाही. गोष्टींच्या पुस्तकांतून आणि चित्रपटांतून तो आपल्याकडे आला आणि मराठी वर्तमानपत्रांच्या भाषेत मुरला. धनिकांना लुटून गरिबांत वाटणारा कोणी निघाला की बातमीत त्याला ‘रॉबिनहूड’ म्हणून मोकळे होतात. लिटल जॉन मात्र कोणालाच म्हणत नाहीत. तो आपल्याला आठवतो तो एकाच प्रसंगापुरता: ओढ्यावर आडवा टाकलेला ओंडका, समोरून आलेला सात फुटी धिप्पाड गडी, लाठ्यांची जुंपलेली लढत आणि धपकन पाण्यात पडलेला रॉबिन. त्यानंतर तो टोळीत येतो आणि पुढच्या सगळ्या गोष्टींत नायकाच्या मागे हसत उभा राहतो.

माझे म्हणणे असे आहे की हा लिटल जॉन फार उशिरा घडला. सर्वांत जुन्या कथागीतांतला लिटल जॉन वेगळाच माणूस आहे. तो प्रश्न विचारतो. तो हिशेब ठेवतो. अन्याय झाला तर नायकाला तोंडावर सुनावून निघून जातो, आणि नायक संकटात सापडला की कोणी न बोलावता परत येतो. रॉबिन हूडला न्यायाचा नायक म्हणून जे स्थान मिळाले, त्यातला मोठा वाटा या माणसाचा आहे. तो वाटा पुढच्या कथाकारांनी कसा पुसला आणि मधूनमधून कोणी कसा परत मिळवला, हे मला आज मांडायचे आहे.

आधी पुराव्याकडे पाहू. रॉबिन हूड खरोखर होऊन गेला का, या वादात मी शिरणार नाही. कागदपत्रे सांगतात ते एवढेच, की चौदाव्या शतकाच्या अखेरीस त्याची गाणी इंग्लंडमध्ये लोकांच्या तोंडी होती. लिटल जॉनही त्यानंतर फार उशिरा येत नाही. अँड्र्यू ऑफ विंटन या स्कॉटिश धर्मगुरूने 1420च्या सुमारास पद्यात इतिवृत्त रचले. त्यात या दोन वनचरांचा उल्लेख येतो आणि तिथे लिटल जॉनचे नाव आधी येते, रॉबिनचे नंतर. पुढे 1440च्या दशकात वॉल्टर बाउअर या मठाधिपतीने लॅटिन इतिहासात दोघांची नावे जोडीनेच लिहिली आणि सामान्य लोक त्यांचे गोडवे गातात याबद्दल नाराजीही नोंदवली. शतकभराने ही जोडी इतकी लोकप्रिय झाली होती की 1555मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने कायदाच केला: वसंतोत्सवात कोणीही रॉबिन हूड किंवा लिटल जॉन म्हणून निवडला जाऊ नये. गावोगावी पोरेटोरे ही सोंगे घेऊन हुंदडत आणि त्यातून दंगेधोपे होत, म्हणून ही बंदी. राज्यकर्त्यांना एका नायकाची भीती वाटते हे समजू शकते. इथे कायद्याने सोबत्याचे नावही घेतले आहे. लोकांच्या मनात हे दोघे बरोबरीचे होते, याचा याहून सरकारी दाखला मिळणार नाही.

या बरोबरीला एक सामाजिक आधार होता. जुन्या गीतांतला रॉबिन सरदार नाही. तो योमन आहे. योमन म्हणजे उमरावांच्या खालचा, पण कोणाचा वेठबिगार नसलेला स्वतंत्र माणूस. लिटल जॉनही योमन. टोळीतला मच हा तर गिरणीवाल्याचा मुलगा. त्यातून ते कायद्याबाहेर काढलेले. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये काउंटीच्या न्यायसभेत वारंवार पुकारा होऊनही जो हजर होत नसे, त्याला कायद्याबाहेर घोषित करत. त्याची मालमत्ता जप्त होई आणि कायद्याचे छत्र उडून जाई. अशा माणसाला जगायचे तर सोबत्यांशिवाय दुसरा आधार नसतो. जंगलात राजाचे न्यायालय नाही, पंच नाहीत, साक्षीदार नाहीत. मग तिथे न्याय कोणी करायचा? कथागीतांनी हा प्रश्न लिटल जॉनच्या तोंडी घातला आहे.

रॉबिन हूडची सर्वांत दीर्घ जुनी कथा ‘अ जेस्ट ऑफ रॉबिन हूड’ या नावाने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या आगेमागे छापली गेली. तिच्या सुरुवातीलाच यॉर्कशरमधल्या बार्न्सडेलच्या रानात रॉबिन झाडाला टेकून उभा आहे. पाहुणा आल्याशिवाय जेवायचे नाही असा त्याचा हट्ट आहे, आणि पाहुणा म्हणजे अर्थातच लुटण्यासारखा वाटसरू. तेव्हा लिटल जॉन त्याला विचारतो: आम्ही जायचे कुठे? कोणाला लुटायचे, कोणाला सोडायचे, कोणाला झोडपायचे, कोणाला बांधून ठेवायचे? या प्रश्नाला उत्तर देताना रॉबिन पहिल्यांदा आपला नियम सांगतो. नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला त्रास द्यायचा नाही. भल्या योमनला हात लावायचा नाही. चांगल्या सरदारालाही नाही. बिशप, आर्चबिशप आणि नॉटिंगहॅमचा शेरिफ यांना मात्र सोडायचे नाही.

ज्या नियमामुळे रॉबिन हूड साध्या दरोडेखोरापासून वेगळा ठरतो, तो नियम सोबत्याने विचारल्यामुळे उच्चारला गेला, हे इथे ध्यानात घ्यावे. जॉन विचारत नाही तोवर रॉबिनजवळ धनुष्य आहे, भूक आहे आणि ऐट आहे. तत्त्व येते ते प्रश्नानंतर.

याच कथेत लिटल जॉन टोळीचा खजिनदार आहे. पाहुण्याला जेवू घातले की रॉबिन त्याला विचारतो, तुझ्याजवळ किती पैसे आहेत? पाहुण्याने सांगितलेल्या आकड्याची पडताळणी जॉनने करायची. तो आपला झगा जमिनीवर पसरतो आणि त्यावर पाहुण्याची पेटी उलटी करतो. एक गरीब झालेला सरदार सांगतो, माझ्याजवळ दहा शिलिंग आहेत. झग्यावर खरोखरच दहा शिलिंग पडतात, आणि रॉबिन त्याला मठाधिपतीचे कर्ज फेडण्यासाठी चारशे पौंड देतो. पुढे त्याच मठाचा एक साधू येतो आणि वीस मार्क आहेत म्हणतो. झग्यावर आठशे पौंडांहून अधिक निघतात. तो सगळा पैसा टोळी ठेवून घेते. खरे बोलणारा आणि खोटे बोलणारा यांतला फरक या रानात लिटल जॉनच्या झग्यावर ठरतो.

सरदाराला निरोप देतानाचा प्रसंग तर मला फार आवडतो. त्याचे कपडे विरलेले आहेत हे जॉनच्या नजरेला येते आणि त्याला कापड द्यावे असे तोच सुचवतो. मोजायला गज नाही, म्हणून तो आपले धनुष्यच गज म्हणून वापरतो, आणि प्रत्येक मापाला कापड पुढे तीन फूट जास्तच सोडतो. मच चेष्टा करतो की हा कुठला सैतानी कापडवाला! दुसरा सोबती हसून म्हणतो, फुकटात मिळालेल्या मालाचे माप सढळ असणारच. तिघेही हसतात आणि कापड वाढत जाते. लुटीचे नैतिक प्रश्न या हसण्यात आहेतच. पण समोरच्या माणसाची लाज राखली पाहिजे, हे आधी लिटल जॉनला सुचते.

‘जेस्ट’मधला आणखी एक प्रसंग. नॉटिंगहॅमच्या तिरंदाजीच्या स्पर्धेनंतर शेरिफची माणसे टोळीवर तुटून पडतात. जॉनच्या गुडघ्यात बाण घुसतो. त्याला चालता येत नाही. तो रॉबिनला विनवतो, मला शेरिफच्या हाती जिवंत लागू देऊ नकोस, तुझ्या तलवारीने इथेच माझे डोके उडव. इंग्लंडमधले सगळे सोने मिळाले तरी मी हे करणार नाही, अशा अर्थाचे उत्तर रॉबिन देतो. मग गिरणीवाल्याचा मुलगा मच त्या अगडबंब माणसाला पाठीवर घेतो आणि चांगला मैलभर चालतो. मधूनमधून त्याला खाली ठेवायचे, मागच्यांवर बाण सोडायचे, पुन्हा पाठीवर घ्यायचे. ताकदीचा पुतळा म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्याला इथे दुसऱ्याच्या पाठीवरून जावे लागते. जुन्या गाणाऱ्यांना त्यात काही कमीपणा वाटला नाही.

आता मी त्या कथागीताकडे येतो, ज्याच्यावर माझे आजचे सगळे म्हणणे उभे आहे. ‘रॉबिन हूड आणि साधू’ असे त्याचे नाव. त्याचे हस्तलिखित 1450 नंतरचे, केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, आणि आज उपलब्ध असलेल्या रॉबिन हूडच्या गीतांत ते सर्वांत जुने मानले जाते.

वैशाखासारखी प्रसन्न सकाळ आहे. जॉन खुशीत आहे. रॉबिन उदास आहे, कारण पंधरवडा उलटून गेला तरी त्याने चर्चमध्ये जाऊन उपासना केलेली नाही. तो नॉटिंगहॅमला जायचे ठरवतो. मच म्हणतो, बारा माणसे बरोबर ने. रॉबिन ऐकत नाही, फक्त जॉनला घेतो. वाटेत दोघे पैजेने नेम मारत जातात. मी एकाला तीन लावीन, अशी रॉबिनची ऐट. शेवटी जॉन पाच शिलिंग जिंकतो. रॉबिन म्हणतो, खोटे आहे. जॉन म्हणतो, जिंकलेत मी. रॉबिन त्याच्यावर हात उगारतो, उगारतो म्हणजे मारतोच. जॉन तलवार उपसतो. तू माझा मालक नसतास तर याची किंमत मोजली असतीस, यापुढे दुसरा माणूस शोध, असे बजावून तो शेरवुडच्या रानात निघून जातो.

पाच शिलिंग म्हणजे साठ पेन्स. जो माणूस परक्याला शेकडो पौंड देतो, मठांच्या खजिन्यांचा हिशेब मागतो, तो आपल्या सर्वांत जवळच्या माणसाचे साठ पेन्स बुडवतो आणि वर त्याला मारतो. या कथेच्या अनाम रचनाकाराला मी मोठा कलावंत मानतो, ते याच जागेसाठी. बाहेरच्या अन्यायाविरुद्ध लढणारा माणूस घरात अन्यायी असू शकतो, हे त्याला दिसले. ते त्याने शत्रूच्या तोंडून वदवले नाही. सर्वांत विश्वासू माणसाला रागावून निघून जाऊ दिले आणि श्रोत्यांना दाखवून दिले.

पुढे जे व्हायचे ते होते. रॉबिन एकटा सेंट मेरीच्या चर्चमध्ये गुडघे टेकतो. तिथे पूर्वी त्याने लुटलेला एक साधू त्याला ओळखतो, धावत जाऊन शेरिफला सांगतो, शहराच्या वेशी बंद होतात. रॉबिन बाराजणांना लोळवतो, पण त्याची तलवार शेरिफच्या डोक्यावर मोडते आणि तो पकडला जातो. बातमी रानात पोहोचते तेव्हा टोळीतले कित्येकजण मूर्च्छा येऊन दगडासारखे पडतात. शुद्धीवर राहतो तो एकटा लिटल जॉन. रॉबिनने मेरीमातेची इतकी वर्षे सेवा केली आहे, ती त्याला असा मरू देणार नाही, असे सांगून तो सगळ्यांना सावरतो. ज्याला मार बसला, ज्याचे पैसे बुडाले, तोच.

इथून कथा बुद्धीच्या जोरावर चालते. साधू राजाकडे पत्रे घेऊन निघाला आहे. जॉन आणि मच हमरस्त्यालगत मचच्या चुलत्याच्या घरात दबा धरून बसतात, खिडकीतून वाट पाहतात. साधू दिसताच जॉन अदबीने पुढे होतो. मलाही त्या रॉबिनने लुटले हो, अशी कथा रचतो, सोबत चालू लागतो आणि रान लागताच त्याला घोड्यावरून खाली ओढतो. पत्रे घेऊन दोघे थेट राजासमोर जातात. राजा खूश होऊन वीस पौंड बक्षीस देतो, त्यांना आपले योमन करतो आणि रॉबिनला जिवंत आणण्यासाठी स्वतःची मोहोर हाती देतो. ती मोहोर पाहून शेरिफ डोक्यावरची टोपी काढतो. पत्रे नेणारा साधू कुठे राहिला, असे तो विचारतो. राजाची त्याच्यावर एवढी मर्जी बसली की त्याला वेस्टमिन्स्टरचा मठाधिपती करून टाकले, असे जॉन गंभीर चेहऱ्याने सांगतो. रात्री शेरिफ दारूच्या गुंगीत झोपला की तुरुंगाच्या किल्ल्या जॉनच्या हातात येतात आणि जिथे तटाची भिंत सर्वांत ठेंगणी असते तिथून तो रॉबिनसह उडी मारतो.

हे सगळे शौर्य झाले. पण कथा इथे संपत नाही आणि म्हणूनच ती मोठी आहे. शेरवुडमध्ये पोचल्यावर जॉन रॉबिनला सांगतो, तू माझ्याशी वाईट वागलास, मी तुला चांगल्याने फेडले, आता येतो. म्हणजे सुटका केली तरी त्याने तक्रार मागे घेतलेली नाही. उपकाराच्या ओझ्याखाली अन्याय दडपून टाकायला तो तयार नाही. त्यावर रॉबिन म्हणतो, जाऊ नकोस, माझ्या सगळ्या माणसांचा आणि माझाही मालक तू हो. जॉन ते नाकारतो. मला सोबती राहू दे, याहून दुसरे काही नको, असे तो सांगतो.

या उत्तरावर आपण क्षणभर थांबावे. जॉनला दोन वाटा खुल्या होत्या. अपमान गिळून चाकर राहायचे, किंवा मालकाची जागा घेऊन त्याला चाकर करायचे. सत्तेच्या जगात बहुतेक भांडणे या दोनपैकी एका वाटेने मिटतात. जॉन तिसरी वाट निवडतो. त्याला मालक नको असे नाही, त्याला मालकीच नको आहे. बरोबरीने बसून खायचे, बरोबरीने नेम मारायचा, आणि जिंकलेले पाच शिलिंग जिंकलेलेच राहिले पाहिजेत. कथागीतात यानंतर मद्य येते, हरणाच्या मांसाची भरलेली पक्वान्ने येतात. रॉबिन अजूनही पुढारी आहे, पण मधल्या काळात त्या पुढारीपणाचा अर्थ बदलला आहे. शेवटी फसलेला राजासुद्धा आधी चिडतो, पण मग कबूल करतो की जॉन आपल्या मालकाशी इमानी आहे आणि आपल्या सगळ्यांपेक्षा त्याचे रॉबिनवर जास्त प्रेम आहे.

या कथेची काळी बाजू लपवून मला पुढे जाता येणार नाही. साधूबरोबर एक लहानगा सेवक पोर असतो. जॉन साधूला मारतो, तेव्हा मच त्या पोराला मारतो, का तर त्याने कुठे बोलू नये म्हणून. गाणारा एका ओळीत हे सांगून पुढे सरकतो. आजच्या वाचकाला तसे पुढे सरकता येऊ नये. निष्ठा ही गोष्ट किती भयंकर होऊ शकते, हे त्या पोराच्या मरणात आहे. नायकाच्या चुकीवर बोट ठेवणारा जॉन या मरणावर काहीच बोलत नाही. सोबत्यांमधला न्याय त्याने जपला, पण सोबत्यांच्या वर्तुळाबाहेरच्या निरपराध जिवापर्यंत तो न्याय पोहोचला नाही. लिटल जॉनला मी आदर्श म्हणून मांडत असेन, तर ही त्याची मर्यादा त्याच दमात सांगणे मला भाग आहे. ज्या चळवळी, ज्या टोळ्या, ज्या संघटना आपापसात फार प्रेमाने वागतात, त्यांनी हे कथागीत दोनदा वाचावे.

भांडण, ताटातूट आणि सुटका ही रचना इथेच थांबत नाही. ‘रॉबिन हूड आणि गाय ऑफ गिस्बोर्न’मध्ये रानात एक अनोळखी माणूस घोड्याचे कातडे पांघरून झाडाला टेकलेला दिसतो. जॉन म्हणतो, मी जाऊन विचारतो. रॉबिनला वाटते, हा मला भित्रा समजतो की काय. पुन्हा शब्दाला शब्द, पुन्हा जॉन निघून जातो. या वेळी जॉन शेरिफच्या तावडीत सापडतो, झाडाला बांधला जातो, आणि त्या अनोळखी माणसाला, म्हणजे गिस्बोर्नच्या गायला, ठार करून त्याचे ते घोड्याचे कातडे पांघरून आलेला रॉबिन जॉनला सोडवतो. म्हणजे ऋण एकाच बाजूला साचत नाही. आणि रॉबिनच्या मृत्यूच्या गीतात, कर्कलीजच्या मठात रक्त काढून त्याचा घात केला जातो तेव्हा, त्याच्या शिंगाचा क्षीण आवाज ऐकून कुलपे तोडत आत येतो तो जॉनच. तो मठ जाळण्याची परवानगी मागतो. रॉबिन ती देत नाही, आयुष्यात कधी बाईला इजा केली नाही आणि आताही करणार नाही, म्हणून. या एका ठिकाणी सोबत्याला आवर घालणारा नायक आहे. दोघांनी एकमेकांना आवरायचे, हाच त्या मैत्रीचा करार.

मग हा माणूस हरवला कसा? मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण म्हणजे रॉबिन सरदार झाला. 1598च्या सुमारास अँथनी मंडे या नाटककाराने दोन नाटके लिहिली आणि त्यांत रॉबिनला हंटिंग्डनचा अर्ल करून टाकले. अन्यायाने पदच्युत झालेला उमराव म्हटला की प्रेक्षकांना गहिवर येतो आणि दरबारी मंडळींनाही तो पचतो. पण नायक उमराव झाला की त्याचा सोबती आपोआप चाकर होतो. दोन योमन पाच शिलिंगांवरून भांडू शकतात. अर्ल आणि त्याचा सेवक यांच्यात तसे भांडण रंगत नाही, तो उद्धटपणा ठरतो. 1922च्या डग्लस फेअरबँक्सच्या मूकपटात लिटल जॉन हा अर्लचा सेवक म्हणूनच येतो, यात नवल नाही.

दुसरे कारण म्हणजे ओढ्यावरची लढत. ‘रॉबिन हूड आणि लिटल जॉन’ हे गीत सतराव्या शतकातले, म्हणजे आधीच्या कथांहून बरेच अलीकडचे. त्यात लाठ्यांची झुंज आहे, सात फूट उंची आहे, नावावरून केलेला विनोद आहे, आणि एवढ्या दांडग्या माणसाचे तान्ह्या बाळासारखे थाटात केलेले बारसे आहे. गीत रसाळ आहे, रंगमंचाला सोयीचे आहे. पण त्याने एक गोष्ट केली. या दोघांमधला सगळा ताण त्याने ओळखीच्या पहिल्याच तासात लाठीने मिटवून टाकला. पुढे भांडायला काही उरलेच नाही. 1883मध्ये हॉवर्ड पाइल या अमेरिकन लेखक-चित्रकाराने मुलांसाठी रॉबिन हूड लिहिला, त्यात ही झुंज सुरुवातीलाच आली. त्या सुंदर पुस्तकाने जगभरच्या मुलांच्या मनात लिटल जॉनचे पहिले चित्र पक्के केले.

तिसरे कारण लोकस्मृतीचे आहे. डर्बीशरमधल्या हॅदरसेज गावात सेंट मायकेलच्या चर्चच्या आवारात लिटल जॉनची म्हणून एक कबर दाखवतात. उशाचा आणि पायथ्याचा दगड यांत इतके अंतर आहे की पाहणारा मनातल्या मनात माणसाची उंची मोजू लागतो. अठराव्या शतकात तिथे खोदले तेव्हा अवाढव्य मांडीचे हाड निघाले, असे सांगतात. त्याचे म्हणून एक भलेमोठे धनुष्यही त्या चर्चमध्ये पूर्वी टांगलेले असे. श्रद्धेने जपले ते हाड आणि धनुष्य, म्हणजे आकार. बुद्धीला आणि स्वाभिमानाला कबर बांधता येत नाही.

चित्रपटांनी हा आकार उचलला. अ‍ॅलन हेल या नटाने लिटल जॉनची भूमिका तीनदा केली: 1922मध्ये फेअरबँक्ससोबत, 1938मध्ये एरॉल फ्लिनसोबत आणि 1950मध्ये ‘रोग्ज ऑफ शेरवुड फॉरेस्ट’मध्ये. तीन दशकांत रॉबिन बदलत गेले, जॉन तोच राहिला. हेलचे ते मोकळे हसणे प्रसन्न आहे, आणि ओंडक्यावरची 1938ची झुंज आजही पाहावीशी वाटते. पण त्या जॉनला सोडून जाण्याइतका राग कधी येईल, असे वाटत नाही.

तरीही जुना जॉन पूर्ण मेला नाही. 1955पासून ब्रिटिश दूरचित्रवाणीवर रिचर्ड ग्रीनची रॉबिन हूड मालिका चालली. तिच्या निर्मात्या हॅना वाइनस्टाइन यांनी अमेरिकेत काळ्या यादीत गेलेल्या लेखकांना टोपणनावाने काम दिले. त्यांत रिंग लार्डनर ज्युनियर होते. अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उत्तर देण्याचे नाकारल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला होता. सत्ता तुमच्याकडून सोबत्यांची नावे मागत असताना गप्प राहायचे, म्हणजे काय करायचे, हे या लेखकांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. सोबत्याला न सोडणाऱ्या जॉनची आणि शेरवुडच्या टोळीची गोष्ट त्यांच्या हाती पडली, हा मला इतिहासाचा न्याय वाटतो.

1973च्या डिस्नेच्या व्यंगचित्रपटात लिटल जॉन अस्वल आहे. वरवर पाहता आकाराची थट्टा शिगेला पोहोचली. पण चित्रपट सुरू होताच तेच अस्वल रॉबिनला विचारते, आपण चांगले लोक आहोत की वाईट? श्रीमंतांना लुटून गरिबांना देतो, हे बरोबर आहे का? साडेचारशे-पाचशे वर्षांपूर्वी बार्न्सडेलच्या रानात विचारलेला प्रश्न एका अस्वलाच्या तोंडून परत आला. पटकथाकारांनी तो ‘जेस्ट’ वाचून घातला की आपसूक आला, याने मला फरक पडत नाही. ही कथा नीट सांगायची तर प्रश्न विचारणारा कोणीतरी लागतोच, आणि ते काम जॉनकडेच येते.

तीन वर्षांनी आलेल्या रिचर्ड लेस्टर यांच्या ‘रॉबिन अँड मॅरियन’मध्ये शॉन कॉनरी आणि निकोल विल्यमसन हे म्हातारे होत चाललेले दोघे मित्र आहेत. धर्मयुद्धांत त्यांची वीस वर्षे गेली आहेत. विल्यमसनचा जॉन कमी बोलतो. रॉबिनचा वीरतेचा सोस आता जीव घेणार, हे त्याला दिसते, तरी तो बरोबर राहतो. सोबत राहणे आणि सहमत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या नटाच्या चेहऱ्यावर वाचता येते. 2018च्या चित्रपटात तर जेमी फॉक्सचा जॉन हा धर्मयुद्धात कैद झालेला मुसलमान योद्धा आहे आणि रॉबिनला घडवणारा गुरूही. चित्रपट मला फारसा जमलेला वाटला नाही. पण पारडे पुन्हा सोबत्याकडे झुकवण्याची ती धडपड बोलकी आहे. सोबत्याला काही म्हणायचे आहे, हे पुन्हा कोणालातरी जाणवले.

मित्रहो, आपण लोकनायकांच्या गोष्टी मुलांना सांगतो तेव्हा त्यांना काय शिकवतो याचा विचार व्हायला हवा. शेरिफ दुष्ट होता आणि रॉबिन चांगला होता, एवढे शिकवणे सोपे आहे. मुले ते पटकन शिकतात आणि मोठेपणी आपापला रॉबिन शोधून त्याच्या मागे उभी राहतात. ‘साधू’च्या कथागीतात शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते कठीण आहे. आपला माणूससुद्धा चुकतो. त्याला तोंडावर सांगावे लागते. सांगून ऐकले नाही तर दूर व्हावे लागते. संकटात मात्र अपमानाचा हिशेब बाजूला ठेवून धावावे लागते, आणि सुटका झाल्यावर तोच हिशेब शांतपणे पुन्हा समोर मांडावा लागतो. एवढे करून सत्ता हातात आली, तर ती नको म्हणता यायला हवे. आणि आपल्या गोटाबाहेरच्या त्या पोराचा जीवही आपल्या हिशेबात धरायला हवा, जे जॉनला जमले नाही.

म्हणून माझी विनंती आहे: इथे जे शिक्षक, कथाकार, अनुवादक, बालसाहित्याचे लेखक बसले आहेत, त्यांनी पुढच्या वेळी रॉबिन हूड सांगताना ओढ्यावरची झुंज जरूर सांगावी. मुलांना ती आवडतेच. पण तिच्यापाशी थांबू नये. त्या पाच शिलिंगांची गोष्टही सांगावी, आणि मुलांना विचारावे की चूक कोणाची होती, तू असतास तर परत गेला असतास का, आणि रॉबिनने मालकी देऊ केली तेव्हा तू काय म्हटले असतेस. ही उत्तरे देता देता जी मुले मोठी होतील, त्यांना नायक निवडताना त्याच्या शत्रूंकडे पाहून भागणार नाही. तो आपल्या माणसांशी कसा वागतो, हेही ती विचारतील. समाज न्यायी होतो तो असे विचारणाऱ्या माणसांमुळे, आणि लिटल जॉन हा त्या माणसांचा पूर्वज आहे.